सब घोडे बारा टक्के

आजच्या भाषणाचा विषय ऐकून माझे जुने विद्यार्थी मनांतल्या मनांत हंसतील. ज्या मास्तरानें सारा जन्म खडू आणि फळा ह्यांच्या संगतींत घालविला, त्यानें संगणकावर शेंकडों छायाचित्रें एकदम कशीं सुधारावींत ह्या विषयावर बोलावें, हा योग विचित्रच म्हणावयाचा. मी छायाचित्रकार नव्हें. संगणकाचा तज्ज्ञ तर नव्हेंच नव्हें. परंतु ह्या विद्येंत मीं एक चूक केली आहे, आणि ती इतकी पुरतेपणीं केली आहे कीं, तिजविषयीं बोलण्याचा थोडाबहुत अधिकार मला आला आहे असें वाटतें. काय करावें हें तज्ज्ञ सांगतो. काय करूं नये हें चुकलेला माणूस सांगतो. आणि वर्गांतील माझा अनुभव असा आहे कीं, दुसऱ्या प्रकारचें ज्ञान मुलांच्या अधिक दिवस लक्षांत राहतें.

पूर्वीं एखाद्या मध्यम स्थितींतील घरांत छायाचित्रें किती असत? भिंतीवर आजोबा-आजींची जोडी, लग्नाचा एक आल्बम, मुंजीचीं चार-दोन चित्रें, आणि ट्रंकेच्या तळाशीं पिंवळीं पडलेलीं कांहीं कार्डें. फिल्मच्या रिळावर फार तर ३६ चित्रें निघत, आणि तीं पुरवून पुरवून काढावीं लागत. आज घरांतील लहान मूलहि फोनवर एका दुपारीं तेवढीं चित्रें सहज काढतें. सहलीहून परतलेल्या माणसाजवळ सातशें चित्रें असलीं तर त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. आतां समजा कीं, कार्यालयांतील दिव्यांमुळें लग्नाच्या सातशें चित्रांवर पिंवळट झांक आली आहे. एक चित्र सुधारण्यास पांच मिनिटें लागतात असें धरलें, तर सर्वांस ३,५०० मिनिटें, म्हणजे ५८ तासांहून अधिक वेळ लागेल. हें त्रैराशिक चौथीचा मुलगाहि सोडवील. परंतु तेवढा वेळ कोणाजवळच नसतो. म्हणून एक युक्ति निघाली. दुरुस्ती एका चित्रावर आपण करावयाची, आणि तीच दुरुस्ती उरलेल्या सर्व चित्रांवर यंत्राकडून करवून घ्यावयाची.

यंत्राला हें कसें साधतें, तें समजण्यास फारशी विद्या लागत नाहीं. संगणकाच्या दृष्टीनें छायाचित्र म्हणजे गणिताच्या वहीचें चौकटीचौकटींचें पान होय. प्रत्येक चौकटींत एका ठिपक्याचे तीन आंकडे असतात : तांबडा किती, हिरवा किती आणि निळा किती. सामान्यतः हा आंकडा शून्यापासून २५५ पर्यंत असतो. तिन्ही शून्य असले तर ठिपका काळाकुट्ट, तिन्ही २५५ असले तर पांढराशुभ्र. साध्या फोनच्या चित्रांतहि असे एक कोटीहून अधिक ठिपके असतात. चित्र सुधारणें म्हणजे ह्या आंकड्यांवर गणित करणें. चित्र पिंवळें दिसतें, याचा अर्थ निळ्याचे आंकडे कमी पडले आहेत. ते वाढवा, झांक जाते. चित्र अंधारें आहे. तर तिन्ही आंकडे वाढवा. एकदां हें गणित ठरलें, कीं तें एका पानावर करावयाचें किंवा हजार पानांवर करावयाचें, संगणकाला सारखेंच. तो कंटाळत नाहीं, आणि मधल्या सुटींत पळूनहि जात नाहीं.

हीं साधनें आज घरोघर आहेत. फोटोशॉप ह्या प्रसिद्ध कार्यक्रमांत १९९६ सालापासून 'ॲक्शन' नांवाची सोय आहे. आपण ज्या क्रमानें कृति करतों ती तो टिपून ठेवतो आणि सांगाल तितक्या चित्रांवर ती पुन्हां करून दाखवितो. २००७ सालीं आलेल्या लाइटरूममध्यें एका चित्राचे आंकडे उचलून निवडलेल्या सर्व चित्रांना देतां येतात. पैसे मोजावयाचे नसतील तर डार्कटेबल, डिजिकॅम, इमेजमॅजिक असे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. आयफोनमध्यें २०२२ सालापासून एका चित्रावरील दुरुस्ती उचलून दुसऱ्या अनेकांवर चिकटवितां येते. तात्पर्य, साधनांची वाण नाहीं. वाण आहे ती विवेकाची, आणि ती माझ्या ठिकाणीं कशी दिसून आली, तें आतां सांगतों.

आमच्या शाळेचा अमृतमहोत्सव २०१९ सालीं झाला. मी सेवानिवृत्त होऊन तीन वर्षें झालीं होतीं, आणि रिकाम्या माणसाकडे काम आपोआप चालत येतें, त्या न्यायानें जुन्या छायाचित्रांचें प्रदर्शन मांडण्याचें काम मजकडे आलें. शाळेंत दर वर्षीं सातवीच्या वर्गाचें समूहचित्र काढण्याची चाल होती. १९५७ पासून १९९८ पर्यंतचीं, मधलीं कांहीं वर्षें गळून, एकूण ३८ चित्रें मिळालीं. त्यांतील २४ शाळेच्या कपाटांत होतीं; १४ जुन्या विद्यार्थ्यांच्या घरून मागून आणिलीं. कांहीं कार्डांच्या कडा वाळवीनें खाल्लेल्या, कांहींवर पावसाच्या पाण्याचे डाग, आणि बहुतेक सर्व चहाच्या रंगाचीं झालेलीं. माझा एक पुतण्या छायाचित्रणाच्या धंद्यांत आहे. त्यानें मला स्कॅनर दिला, संगणकावर कार्यक्रम घालून दिला, आणि दोन संध्याकाळ बसून तो कसा चालवावयाचा तें शिकविलें.

मीं १९५७ सालचें पहिलें चित्र घेतलें. त्याचा पिंवळेपणा काढला. चेहरे उठून दिसावे म्हणून काळ्या-पांढऱ्यांतील अंतर वाढविलें. कडा फारच खराब होत्या, म्हणून उजव्या आणि डाव्या बाजूनें एकेक दशांश भाग कापून टाकिला. चित्र असें सुरेख दिसूं लागलें कीं, मीं घरांतील सर्वांना बोलावून दाखविलें. मग हीच कृति टिपून घेऊन सर्व ३८ चित्रांवर चालविण्याची आज्ञा संगणकाला दिली, आणि चहा घेण्यास उठलों. चहा संपण्याच्या आंत काम झालें होतें! पहिलीं तीन चित्रें उघडून पाहिलीं, तिन्ही उत्तम. उरलेलीं पाहण्याचें कारण मला दिसलें नाहीं. फाइली छापखान्याकडे गेल्या.

आतां आमच्या शाळेच्या शिपायांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. मुलें त्यांना 'मामा' म्हणत. आम्ही शिक्षकहि मामाच म्हणत असूं. १९६६ सालीं ते शाळेंत लागले आणि १९९४ पर्यंत त्यांनीं शाळेची घंटा वाजविली. समूहचित्राच्या दिवशीं सकाळपासून मामांची धांदल असे. बांकें अंगणांत आणावयाचीं, उंच मुलें मागें आणि बुटकीं पुढें बसवावयाचीं, कोणाचें नाक पुसावयाचें, कोणाच्या सदऱ्याची गुंडी लावावयाची. सर्व जमलें, छायाचित्रकारानें डोळा यंत्राला लाविला, म्हणजे मामा लगबगीनें येऊन रांगेच्या उजव्या टोंकाला उभे राहत. डोकीवर पांढरी टोपी, अंगांत खाकी सदरा, आणि पुष्कळदां घंटेचा लाकडी हातोडा तसाच हातांत. तेथें उभे राहा असें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें, आणि राहूं नका असेंहि कोणी म्हटलें नव्हतें. म्हणूनच कीं काय, ते शेवटच्या मुलापासून एक हातभर अंतर सोडून उभे राहत.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशीं पन्नाशीच्या घरांतील एक बाई आल्या. मामांची धाकटी कन्या. मला नमस्कार करून म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या घरीं बाबांचा एकहि फोटो नाहीं. होता तो पुराच्या पाण्यांत गेला. इथें दरवर्षीचे फोटो लावले आहेत असें ऐकलें, म्हणून मुद्दाम आलें."

मीं मोठ्या उत्साहानें म्हटलें, "चला, मी दाखवितों. मामा नाहींत असें एक वर्ष सांपडावयाचें नाहीं."

आम्ही १९६६ च्या चित्रापासून पाहत चाललों. मामा दिसेनात. १९७० मध्यें नाहींत, १९७५ मध्यें नाहींत. माझे पाय जड होऊं लागले. त्या बाई कांहीं बोलत नव्हत्या. १९८३ च्या चित्रापाशीं त्या थांबल्या, वांकून पाहूं लागल्या, आणि चित्राच्या अगदीं कडेला बोट ठेवून म्हणाल्या, "हा हात बाबांचा. हातोडा आहे बघा हातांत."

श्रोतेहो, जो दशांश भाग मीं कडांची घाण म्हणून काढला होता, त्यांत मामा उभे होते. जीं पहिलीं तीन चित्रें मीं तपासून पाहिलीं, तीं मामा शाळेंत लागण्यापूर्वींचीं. शिवाय त्या वेळचा छायाचित्रकार दूर उभा राहत असे, त्यामुळें दोहों बाजूंस रिकामी जागा भरपूर होती. पुढचा छायाचित्रकार जवळून चित्र काढी. तेथें कडेपर्यंत माणसें होतीं. मामा असलेलीं चित्रें २२ होतीं. त्यांतील १७ मधून ते संपूर्ण नाहींसे झाले होते, आणि पांचांत कोठें खांदा तर कोठें हात उरला होता. अठ्ठावीस वर्षें जो माणूस त्या अंगणांत वावरला, त्याला मीं एका चहाच्या वेळांत शाळेबाहेर घालविलें.

घरीं येऊन पुतण्याला बोलाविलें. त्यानें पहिलाच प्रश्न विचारला, "काका, मूळ फाइली वेगळ्या ठेवल्या होत्या ना?"

मीं विचारलें, "कोणत्या मूळ फाइली?"

तो बराच वेळ बोलला नाहीं. दुरुस्त झालेल्या फाइली त्याच जागीं, त्याच नांवानें ठेव, असें मीं संगणकाला सांगितलें होतें. आणि संगणक हा अत्यंत आज्ञाधारक विद्यार्थी असल्यामुळें त्यानें जुन्यावर नवें लिहून मोकळे केलें होतें.

मग दुसरी खटपट सुरू झाली. मामांच्या २२ चित्रांपैकीं १५ शाळेच्या कपाटांतील होतीं; तीं कार्डें पुन्हां स्कॅन करतां आलीं. सात चित्रें लोकांच्या घरून आणिलेलीं. तीं आभार मानून केव्हांच परत केलीं होतीं. मी पुन्हां दारोदार गेलों. चार मिळालीं. एक कार्ड त्या कुटुंबाच्या बिऱ्हाडबदलांत गहाळ झालें होतें. एका कुटुंबानें गांवच सोडला होता, आणि त्यांचा पत्ता लागला नाहीं. तिसऱ्या घरचे गृहस्थ सहज म्हणाले, "तुमच्या संगणकांत आतां तें कायमचें राहिलें आहे ना? कार्डाला वाळवी लागली होती, म्हणून टाकून दिलें." ह्यावर मी काय उत्तर देणार?

असो. एका कृत्यांत मीं तीन चुका केल्या होत्या, आणि त्या तिन्ही अशा आहेत कीं, त्या आपणांपैकीं कोणाच्याहि हातून सहज घडाव्या. म्हणून त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिली चूक ही कीं, सर्व चित्रांचा रोग एकच आहे असें मीं गृहीत धरलें. वैद्य औषध देण्यापूर्वीं कारण पाहतो. चित्रांच्या बाबतींतहि तसेंच पाहिलें पाहिजे. कारण सामायिक असेल तर उपाय सामायिक चालतो; कारण ज्याचें त्याचें असेल तर उपायहि ज्याचा त्यालाच हवा. एकाच दिवाणखान्यांत, एकाच दिव्याखालीं काढलेल्या शंभर चित्रांवर एकच झांक असते. ती एका आज्ञेनें खुशाल काढावी. कॅमेऱ्यांतील पडद्यावर धुळीचा कण बसला असेल, तर त्याचा डाग प्रत्येक चित्रांत त्याच जागीं येतो. तोहि एका आज्ञेनें जातो. सर्व चित्रें लहान करणें, त्यांना क्रमांक देणें, खालीं नांव छापणें, हीं तर यंत्राचींच कामें. परंतु चित्र कोठें कापावें, वांकडें असल्यास किती अंशांनीं सरळ करावें, चेहऱ्यावर उजेड किती वाढवावा, हें प्रत्येक चित्रांत निराळें असतें. माझ्या कार्डांचा पिंवळेपणा बव्हंशीं सामायिक होता; त्यांच्या कडा मात्र सामायिक नव्हत्या.

हा भेद नवा नाहीं. फिल्मच्या काळांतील अंधारखोलींतहि तो होता. अनेक रिळें एकाच टाकींत, एकाच द्रवांत, सारखींच मिनिटें धुतलीं जात. तेवढें काम सामायिक. परंतु कागदावर छापतांना चांगला कारागीर प्रत्येक चित्रापाशीं थांबे. चेहरा काळा पडत असेल तर त्या जागेवर क्षणभर हाताची सावली धरी. आकाश फिकें येत असेल तर तेथें प्रकाश थोडा अधिक वेळ पडूं देई. धुणें सर्वांचें एक, छापणें ज्याचें त्याचें, असा तो व्यवहार होता.

लग्नाचीं चित्रें सुधारणारांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें. कार्यालयांतील पिंवळ्या दिव्यांचा प्रकाश आणि अंगणांतील दुपारचा प्रकाश ह्यांच्या रंगांत फार अंतर असतें. केल्व्हिन नांवाच्या मापानें पहिला सुमारें ३,००० भरतो, तर दुसरा सुमारें ५,५००. आंतल्या चित्रांसाठीं ठरविलेली दुरुस्ती बाहेरच्या चित्रांना लाविली, तर वऱ्हाडी मंडळी निळीं दिसूं लागतात. म्हणून आधीं गट पाडावे : आंतलीं, बाहेरचीं, रात्रीचीं. वर्गाच्या तुकड्या पाडतों तशा तुकड्या पाडून प्रत्येकीला तिचा तिचा धडा द्यावा. ज्यांना अधिक काटेकोर राहावयाचें असेल त्यांनीं प्रत्येक जागीं पहिलें चित्र करड्या रंगाच्या कार्डाचें घ्यावें. कार्ड खरोखर करडें आहे हें आपणांस ठाऊक असतें, म्हणून चित्रांत तें करडें दिसेपर्यंत आंकडे हलवावे, आणि तेच आंकडे त्या जागच्या सर्व चित्रांना द्यावे.

आपण म्हणाल, प्रत्येक चित्र स्वतः पाहून त्याला योग्य ती दुरुस्ती देणारी 'ऑटो' नांवाची कळ असतेच कीं! असते, आणि ती पुष्कळदां उपयोगीहि पडते. परंतु तिचाहि एक आंधळा हिशोब आहे. रंगांच्या बाबतींत असा एक जुना हिशोब आहे कीं, कोणत्याहि दृश्यांतील सर्व रंगांची सरासरी काढली तर ती करडी यावी. रस्ता, झाडें, आकाश, माणसें असलेल्या चित्रांत तें ठीक उतरतें. पण आपल्याकडील हळदीच्या समारंभाचें चित्र घ्या! नवरी हळदीनें माखलेली, करवल्या पिंवळ्या लुगड्यांत, मागें झेंडूच्या माळा. यंत्राला वाटतें, हा केवढा पिंवळा दोष! आणि तें हळद धुवून काढूं लागतें. ज्या रंगासाठीं तो समारंभ, तोच रंग दोष ठरतो.

दुसरी चूक उजेड-अंधाराची. मामांचें चित्र पुन्हां स्कॅन केल्यावर, कडा न कापतां, बाकी तीच कृति मीं त्यावर चालवून पाहिली. मामा दिसले, परंतु टोपी चुन्यासारखी पांढरी, आणि तिच्याखालीं चेहऱ्याच्या जागीं काळा गोळा! मामा वर्णानें सांवळे होते. काळ्या-पांढऱ्यांतील अंतर सरसकट वाढविलें, तेव्हां गडद होतें तें अधिक गडद झालें, आणि त्यांत त्यांचे डोळे, मिशा, हंसूं सर्व बुडून गेलें. ह्या बाबतींत गणिताचा एक नियम निष्ठुर आहे. आंकडा २५५ च्या वर जात नाहीं आणि शून्याच्या खालीं उतरत नाहीं. जे जे ठिपके त्या टोंकाला जाऊन आदळले ते सर्व सारखे होतात, आणि ती फाइल तशीच ठेवून दिल्यावर त्यांच्यांतील भेद कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं.

ह्या चुकीला मोठा इतिहास आहे. रंगीत छपाईच्या काळांत अमेरिकेची कोडॅक कंपनी छपाईगृहांना यंत्र जुळविण्यासाठीं एक नमुना-चित्र पुरवीत असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचें चित्र असे, आणि धंद्यांतील लोक त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या तरुणीची कांति ठीक दिसली, कीं यंत्र ठीक जुळलें असें समजावयाचें. अर्थात् गोऱ्या माणसांचे फोटो चांगले येत. काळ्या-सांवळ्यांच्या चेहऱ्यांतील बारकावे पुसले जात. एकाच वर्गाच्या चित्रांत गोरीं मुलें स्पष्ट आणि काळीं मुलें नुसते डोळे-दांत, असा प्रकार होई. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलें नमुना-कार्ड १९९० च्या दशकांत निघालें. कोणी दुष्टपणा करावयास बसला होता असें मी म्हणत नाहीं. एक चेहरा प्रमाण मानला, आणि उरलेल्यांना त्याच्या मापानें मोजलें, इतकेंच. मींहि दुसरें काय केलें होतें?

तिसरी चूक सर्वांत मोठी, कारण पहिल्या दोहोंवर उपाय होता आणि हिनें तो उपायच नाहींसा केला. ती म्हणजे मुळावर लिहिणें. कांहीं कार्यक्रम मूळ फाइलीला हातच लावीत नाहींत. लाइटरूम आणि डार्कटेबल हे त्या जातीचे. ते केवळ कृति लिहून ठेवतात. मुलाच्या निबंधावर खाडाखोड न करतां वेगळ्या चिठ्ठीवर दुरुस्ती लिहून ती टांचणीनें लावावी, तसें हें काम आहे. चिठ्ठी काढली, कीं निबंध जसाच्या तसा. परंतु सर्व कार्यक्रम असे नाहींत. इमेजमॅजिकमध्यें 'मॉग्रिफाय' ही आज्ञा दिली, आणि नवी जागा किंवा फाइलीचा निराळा प्रकार सांगितला नाहीं, तर ती मूळ फाइलीवरच लिहिते. त्यांतून पुष्कळशीं चित्रें जेपेग ह्या पद्धतीनें सांठविलेलीं असतात. १९९२ सालीं प्रमाण ठरलेली ही पद्धति फाइल लहान करण्यासाठीं डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकते. त्यामुळें दुरुस्त फाइलीची पुन्हां दुरुस्ती, तिची आणखी दुरुस्ती, असें करीत गेल्यास दर खेपेस थोडें थोडें गळत जातें. कार्बनच्या प्रतीवरून प्रत, तिजवरून पुन्हां प्रत काढीत गेलें म्हणजे अक्षर जसें विटत जातें, तसेंच हें. म्हणून प्रत्येक नवी दुरुस्ती मुळावरून व्हावी. आणि त्यासाठीं मूळ शिल्लक असावें.

आतां मी जे नियम पाळतों ते थोडक्यांत सांगतों. काम सुरू करण्यापूर्वीं मूळ चित्रांची एक नक्कल निराळ्या जागीं, शक्य तर निराळ्या यंत्रांत ठेवावी. दुरुस्त चित्रें नेहमीं नव्या फोल्डरांत उतरवावीं. सर्वांवर आज्ञा सोडण्यापूर्वीं पांच-सहा चित्रांवर ती करून पाहावी; आणि हीं पांच-सहा ओळीनें पहिलीं घेऊं नयेत, तर एक सर्वांत उजळ, एक सर्वांत काळें, एक सर्वांत गर्दीचें, एक सर्वांत जुनें, अशीं वेंचून घ्यावीं. जें चित्र इतरांसारखें नाहीं, तेंच खरें परीक्षक. काम झाल्यावर सर्व चित्रें लहान आकारांत एका पानावर मांडून त्यांवरून नजर फिरवावी. माझीं ३८ चित्रें अशीं पाहावयास दहा मिनिटेंहि लागलीं नसतीं. आणि शेवटचें, यंत्रानें वांचविलेल्या ५८ तासांतील दोन-तीन तास ज्या चित्रांना हातानेंच सुधारावें लागतें त्यांच्यासाठीं राखून ठेवावे. वेळ वांचवावयाचा तो ह्याचसाठीं.

आपल्याकडे एक म्हण आहे : सब घोडे बारा टक्के. तट्टू आणि तेजी एकाच भावानें विकणाऱ्याला उद्देशून ती रूढ झाली आहे. वर्गांत पन्नास मुलें असतां मीं ती इतर शिक्षकांना अनेकदां ऐकविली होती. फळ्यावरील धडा सर्वांना एक असतो, तो तसाच असावा लागतो; नाहींतर मास्तराचा जन्म एकाच वर्गांत जाईल. परंतु संध्याकाळीं वह्या घरीं आणून तपासतांना प्रत्येक वही निराळी उघडावी लागते. फळ्याचा न्याय वह्यांना लावूं नये, एवढें मी ३८ वर्षें शिकवीत आलों, आणि नेमक्या ३८ चित्रांच्या वेळीं विसरलों.

मामांचें १९७९ सालचें चित्र पुन्हां मिळालेल्यांपैकींच होतें. तें मीं पुतण्याजवळ बसून निराळें केलें. टोपीचा उजेड आवरला, चेहऱ्यावरचा हळूहळू वाढविला. कडा होत्या तशाच ठेविल्या, वाळवीच्या खुणांसुद्धां. एका चित्राला चाळीस मिनिटें लागलीं. डोळे दिसूं लागले, मिशा दिसूं लागल्या, आणि रांगेंत उगीच ढकलाढकली करणाऱ्या कोणा मुलाकडे पाहून ते हंसत आहेत हेंहि दिसलें. त्याची मोठी प्रत करून मी त्या बाईंच्या घरीं घेऊन गेलों. त्यांनीं ती दोन्ही हातांनीं घेतली, पदरानें पुसली, आणि बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, "गुरुजी, बाबा असेच बाजूला उभे राहायचे. घरच्या कार्यांतसुद्धां."

तीन चित्रें मात्र गेलीं तीं गेलींच. त्या तीन वर्षांत मामा कसे दिसत होते, तें आतां कोणास सांगतां यावयाचें नाहीं.

श्रोतेहो, आपल्या घरींहि हजारों चित्रें असतील, आणि तीं सुधारण्याची इच्छा आपणांस होईल. अवश्य सुधारा, यंत्राची मदत जरूर घ्या. मात्र आज्ञा सोडण्यापूर्वीं मुळाची नक्कल ठेवा, आणि चित्राच्या कडेला कोण उभें आहे तें एकवार पाहून घ्या.